नेलाटन येतंय

११ जानेवारी, गुरुवार

सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट अवघ्या तीन हजार वॉनला मिळतं. त्यातल्या दोन घेतल्या, वर तांदळाच्या दारूचे तीन वाडगे. आता खरी किंमत मांडतो. लघवी अडून भोपळ्यासारखं फुगलेलं ओटीपोट, गल्लीत आलेली अँब्युलन्स, खिडक्याखिडक्यांतून शेजाऱ्यांनी पाहिलेला माझा लेंगा, आणि अंगातून निघून मांडीवर चिकटपट्टीनं बांधलेली नळी, तिच्या टोकाला पिशवी. तीन हजारात एवढं सगळं! आमच्या थोंगयंगच्या मासळी बाजारात कालवंवाली म्हातारीसुद्धा इतका वर्ताळा देत नाही.

डॉक्टर म्हणाले, वयामुळे तिथली गाठ आधीच वाढलेली होती, सर्दीच्या गोळीनं उरलेली वाट आवळली. मला काय ठाऊक? नाक मोकळं करणारी गोळी खालचं बंद करते हे पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहायला नको?

पहिल्यांदा एका कोवळ्या डॉक्टरनं सरळ, बारीक नळी घालून पाहिली. ‘ने’ की ‘ला’वरून तिचं काहीतरी परदेशी नाव तो पुटपुटला, पण तेव्हा माझे कान माझे नव्हते. ती अडली. मग एक जाडसर नर्स आली. “टोकाला वाकडी असलेली द्या, वाकडं टोक वर ठेवून,” म्हणाली. ती नळी आत गेली. पाणी सुटलं आणि मी त्या बाईला ‘आई’ म्हणून हाक मारली. ती पन्नाशीची, मी सहासष्टचा.

तिचं आडनाव ब्योन. आमच्या भाषेत म्हणजे शौच. माझ्या चेहऱ्यावरून तिनं ओळखलं. “बोला बाबा, सगळेच बोलतात. अशा आडनावाच्या बाईला डोळ्यांचं खातं कोण देणार?”

नळीच्या आतल्या टोकाला एक फुगा आहे, तो पाण्यानं फुगवलाय, म्हणून ती बाहेर सटकत नाही. पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवायची. भरपूर पाणी प्यायचं. किती प्यायलो आणि किती बाहेर आलं ते लिहायला ही वही दिलीय. एवढ्याशा कामाला इतकी जाड वही! उरलेल्या जागेत मी माझं लिहितो.

हॉस्पिटलात या नळीला सगळे नुसतं ‘जुल’ म्हणतात, दोरी. आमच्या भाषेत दोरी म्हणजेच रांग, आणि दोरी म्हणजेच वशिला. लोकांच्या पाठी घासत घासत मी स्वतःचा हमामखाना उभा केला, कधी कोणाची दोरी धरली नाही, हे मी गावभर सांगत आलो. आता दोरीनं मला धरलंय.

१३ जानेवारी, शनिवार

घरी. घर म्हणजे हमामखान्याचा वरचा मजला. खाली गिऱ्हाइकं, वर मी पिशवी घेऊन.

पहाटेचं पाणी ओकबुननं हात घालून तपासलं. बायको गुणाची आहे, पण हातानं पाणी कळत नाही. मोठ्या हौदात मान बुडेपर्यंत बसलं की पाणी पाठीच्या कण्यात बोलतं. दार उघडण्याआधी रोज मी बसतो, मगच लोक येतात. आज तिघंजण म्हणाले, “पाणी मऊ नाहीये, शेठ कुठेत?” ओकबुननं सांगितलं, “पाय मुरगळलाय.”

नळी असताना सार्वजनिक पाण्यात उतरायचं नाही, ब्योनबाईंनी बजावलंय. चांद्र नववर्षाच्या आदल्या दिवशी सोलहून हेजुन येतो. वर्षातून एकदा. आम्ही बापलेक समोरासमोर बसलो की मुके. हौदातून निघालो, एकमेकांना पाठ दिली, हातात अंग घासायचा हिरवा खरखरीत पंजा आला, की बोलतो. गेल्या वर्षी माझी पाठ घासताना म्हणाला, “बाबा, सोलमध्ये मन लागत नाही. इथलं काही... जाऊ दे, पुढच्या वर्षी बोलू.” वर्षभर मी ते ‘इथलं काही’ चघळतोय. मी हौदात उतरलो नाही तर तो बोलणार नाही, हे मला माझ्या नावाइतकं माहीत आहे. म्हणजे ९ फेब्रुवारीच्या आत ही दोरी गेली पाहिजे.

संध्याकाळी थेसिकदादा वर आला. मा थेसिक, पूर्वी मासेमारी बोटीवर होता, डोलकाठीवरून पडून पाठीला मार बसल्यापासून किनाऱ्यावर. गेली आठ वर्षं दर गुरुवारी आणि शनिवारी माझ्याकडे आंघोळीला. पाय किंचित ओढत चालतो, बाकी खणखणीत.

“पाय मुरगळला म्हणे,” असं म्हणून त्यानं पांघरूणाकडे पाहिलं, मग पलंगाखाली. “किती नंबरची?”

“काय किती नंबरची?”

“चप्पल,” म्हणाला. “नवी घे आता.” जाता जाता वळला. “नळी मांडीला नीट बांध. ओढ बसली की रक्त येतं.”

ओकबुननं सांगितलं असणार. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

पण माझ्यापासून कोण काय लपवणार? कपडे काढलेला माणूस म्हणजे उघडं पान. पाठीच्या व्रणावरून मी धंदा सांगतो. बघायचीही गरज नाही, कान पुरतात. पलीकडच्या संडासातल्या धारेवरून मी माणसाचं वय सांगतो. पन्नाशी ओलांडली की धार अडखळते, साठीनंतर थेंबांच्या गप्पा चालतात. एकटा थेसिकदादा अपवाद. वय बहात्तर, पण धार विशीतली. एकसारखी, कुठे तुटत नाही. मला त्याचा नेहमी हेवा वाटतो.

त्याचीही गुपितं मला पाठ आहेत. आंघोळीची टोपली घेऊनच संडासात जातो आणि तिथे बसून गोड खातो. डॉक्टरनं साखर बंद केलीय ना! आतून पाकीट फाडल्याचा आवाज येतो, लांब, चर्रर्र. मी कितीदा दारावर थाप मारून म्हटलंय, “दादा, तिळाची वडी एकट्यानं खाऊ नकोस.” आतून उत्तर येतं, “तुला उरली तर देतो.”

१६ जानेवारी, मंगळवार

सुट्टीचा वार. ओकबुन बहिणीकडे गेली. हौद रिकामा करून घासायचा होता, म्हणजे ते पाणी तसंही जाणारच. मी म्हटलं, कोणाचं काय बिघडतं.

नळीला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, पिशवी हौदाच्या कठड्यावर ठेवली आणि उतरलो. पाणी मानेपर्यंत आलं. डोळे मिटले. पाच दिवसांनी मी मी झालो.

चिमटा परत कपड्यांच्या दोरीवर लावून ठेवला. कोणाला कळायचं कारण नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

कळलं. बुधवारी हुडहुडी भरून ताप आला, दात वाजायला लागले. परत अँब्युलन्स, परत शेजारी.

ब्योनबाईंनी कंबरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

“चिमटा लावलात, म्हणजे वाट बंद. पिशवी कठड्यावर, म्हणजे तुमच्यापेक्षा उंच. बाबा, पाणी वर चढतं का खाली उतरतं? हौदवाल्याला मी शिकवू?”

“हौदातलं शिकवू नका, मूत्राशयातलं शिकवा.”

“ते पण हौदच. साचलेलं उलटं आत गेलं, घाण झाली.”

हेजुन मला वर्षातून एकदा ‘बाबा’ म्हणतो. ही बाई तासाभरात दहा वेळा. सवय लागेल मला.

२३ जानेवारी, मंगळवार

घरी आलो. ताप गेला. झोप येत नाही, बसवत नाही, चालायला गेलं की पिशवी मांडीवर आपटते. खिडकीतून समुद्र बघतो, तोही कंटाळल्यासारखा वाटतो.

आज कानांनी काम केलं. बॉयलरच्या खोलीत गेलो होतो. तिथली भिंत फळ्यांची आहे, पलीकडे गल्ल्यावर बसलेल्या ओकबुनचा श्वासही ऐकू येतो. थेसिकदादा तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. सुट्टीच्या दिवशी याचं इथे काय काम?

“जुनं काढून टाकायचं आणि नेलाटन आणायचं. दुसरा उपाय नाही. मी सांगतो ना, पहिले चार दिवस जड जातात, मग माणूस राजा.”

“ते ऐकायचे नाहीत. जीव देतील.”

“एकदा नेलाटन आलं की सगळं मोकळं होईल बघ.”

“मग तुम्हीच सांगा त्यांना, भावजी.”

“मी सांगितलं तर जन्मभर चिडवेल मला.”

मी कोळशाच्या बादलीवर बसून राहिलो. नेलाटन! गावात प्रत्येक नव्या इमारतीला असंच तोंडात न मावणारं परदेशी नाव असतं, म्हणजे गावाकडून आलेल्या सासूला पत्ता सापडू नये. बंदरापाशी अशा दोन उभ्या राहिल्या. आता हे नेलाटनवाले माझा हमामखाना पाडून तिसरी उभी करणार. आणि दलाल कोण? ज्याची पाठ मी आठ वर्षं घासली तो! बायकोही सामील. जन्मभर चिडवेल म्हणे. मग काय, हार घालू?

२५ जानेवारी, गुरुवार

आज हॉस्पिटलात नळी काढून पाहिली. फुगा रिकामा केला, सुळकन बाहेर. मग पाणी पी आणि वाट बघ. ब्योनबाईंनी नळ सोडून ठेवला, आवाजानं येते म्हणून. मी नळ ऐकला, बाहेरचा पाऊस ऐकला, शेजारच्या खाटेवरच्या माणसाची पूर्ण कहाणी ऐकली. माझं काही नाही. एक थेंब नाही.

संध्याकाळी नवी नळी.

डॉक्टर म्हणाले, गाठ तर आहेच, पण मूत्राशयच थकलंय. वर्षानुवर्षं भरून भरून सैल झालेलं रबर. आवळायची ताकद राहिली नाही. गाठ कापली तरी ते लगेच आवळेल असं नाही. काही महिने विश्रांती द्यावी लागेल.

काही महिने. नववर्षाला पंधरा दिवस.

३० जानेवारी, मंगळवार

थेसिकदादाला बोलावून घेतलं. ओकबुनला मुद्दाम तिथेच बसवलं.

“नेलाटनकडून किती घेतलेस?” मी सरळ विचारलं.

दादानं ओकबुनकडे पाहिलं. ओकबुननं जमिनीकडे.

“नेलाटनकडून?”

“बहिरा नाही मी. माझी जागा काढायला निघालात तुम्ही. हा हमामखाना मी माझ्या या मनगटावर बांधलाय, कोणाच्या वशिल्यावर नाही. मी मेल्यावर पाडा.”

दादा असा हसायला लागला की त्याला भिंत धरावी लागली. हसता हसता डोळे पुसले, परत हसला. ओकबुन ॲप्रनच्या टोकाशी खेळत, हसू दाबत खांदे हलवत होती.

“अरे गिलमान,” तो शेवटी म्हणाला, “नेलाटननं मला दमडी दिली नाही. उलट माझ्याकडूनच घेतं ते, रोज.”

“म्हणजे हप्त्यावर घेतलंस? तू राहणारेस तिथे?”

“एक प्रकारे.” परत हसू. “हे बघ, येत्या गुरुवारी हॉस्पिटलात विचार. आणि बारा नंबरनं सुरुवात कर. चौदा मागू नकोस, उगाच मोठेपणा.”

बारा नंबर. बारावा मजला असणार. मला समुद्र दिसणारा फ्लॅट देऊन गप्प करणार!

१ फेब्रुवारी, गुरुवार

मी गाढव आहे. हे मी ‘पाणी किती प्यायलो’च्या रकान्यात लिहिलंय, डॉक्टर वाचतील तर वाचोत.

ब्योनबाईंनी टेबलावर सगळं मांडलं. “बाबा, निवडा. ही आत्ताची, फुग्याची. महिन्याला बदलायची. दुसरी पोटातून, बेंबीच्या खाली एक छोटं भोक करून. खालची वाट मोकळी राहते, पण नळी आणि पिशवी आहेच.”

“दोन्हींत हौदात उतरता येतं?”

“नाही.”

कपाटात एक वेगळीच वस्तू दिसली. फुग्यासारखी, बाहेरून टोपीसारखी चढवायची, खाली नळी. “ती द्या. आत काही घालायचं नाही, काढली की संपलं.”

“ती गळणाऱ्यांसाठी. तुमचं गळत नाही, अडतंय. नळालाच पाणी नसेल तर खाली बादली लावून काय उपयोग?”

मग तिनं एक लांब, सपाट पाकीट पुढे सरकवलं. “राहिलं हे. अंगात काही ठेवायचं नाही. दिवसातून चार-पाच वेळा स्वतः घालायची, रिकामं करायचं, काढायची, टाकून द्यायची. मधल्या वेळात तुम्ही जसे होतात तसे. ताप नसेल तर हौदातसुद्धा बसा. याला आम्ही नेलाटन म्हणतो.”

मी तिला परत म्हणायला लावलं. तिनं परत म्हटलं.

खोलीत फक्त आम्ही दोघंच होतो हे बरं झालं.

पण हे माझ्याच्यानं होणार नाही. स्वतःच्या हातानं? त्या कोवळ्या डॉक्टरचीही अडली होती. मी बाईंना म्हटलं, “फुग्याचीच राहू दे.” बाई म्हणाल्या, “विचार करा.” दादाला हे सगळं कुठून ठाऊक, याचा उलगडा मात्र वाटेत झाला. त्याची बायको शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं त्यानं केलं असणार, म्हणून नंबरसुद्धा पाठ. ‘माझ्याकडून घेतं, रोज’ म्हणजे तिची आठवण. बिचारा. आणि मी त्याला दलाल म्हटलं.

४ फेब्रुवारी, रविवार

हेजुनला फोन केला. “यंदा येऊ नकोस. बॉयलर बिघडलाय, हमामखाना बंद राहणार.”

तो म्हणाला, “कुठला बॉयलर? मोठा?”

“मोठा.”

“मग मी येऊन बघतो ना. एक दिवस आधीच निघतो.”

खोटं बोलतानाही माणसानं नीट विचार करावा. इंजिनियर मुलाला बॉयलर सांगितला!

ओकबुन रात्रीची भांडी विसळत म्हणाली, “अहो, त्या बाईंना सांगा, शिकवा म्हणून. मेली ती नळी काही सापासारखी चावत नाही.”

“तू घालून बघ.”

“माझी दोन बाळंतपणं झालीत,” ती म्हणाली. एक मूल राहिलं, एक राहिलं नाही. दोन्ही वेळा मी खाली गिऱ्हाइकांच्या पाठी घासत होतो.

७ फेब्रुवारी, बुधवार

शिकलो.

काल दिवसभर हॉस्पिटलात. फुग्याची नळी काढली. साबणानं हात. पाकीट फाडायचं. बारा नंबरची, टोकाला जराशी वाकडी, कारण माझी वाट गाठीपाशी वळते. ओली झाली की मासळीसारखी बुळबुळीत होते. टोक वर. हळूहळू. पहिल्यांदा गाठीपाशी थांबली आणि मी ढकलायला लागलो. मी काढून घेतली.

“जोर लावला?” ब्योनबाई पडद्यापलीकडून.

“लावला.”

“तिथे भांडायचं नसतं बाबा. थांबायचं. श्वास सोडायचा, जणू आपोआप होणारच आहे. ती स्वतः वाट शोधते.”

दुसरी नळी. थांबलो. श्वास सोडला. गेली.

भांड्यात पडायला लागलं तेव्हा मला घाम फुटला होता आणि मी मोठ्यानं हसत होतो. काढली, टाकली. मांडीवर काही नाही, पिशवी नाही, पट्टी नाही. आरशासमोर उभा राहिलो. कोणाला काही कळणार नाही. मलाच पटेना.

डॉक्टरांनी लघवी तपासून सांगितलं, घाण नाही, पाण्यात बसायला हरकत नाही. आज घरी चार वेळा केलं. एकदा अडलं, थांबलो, गेलं. प्रत्येक वेळी पाकीट फाडताना मी ‘टोक वर’ असं पुटपुटतो.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. नववर्षाचा आदला दिवस

पहाटे हौदात उतरलो. एक अंश जास्त होतं. गार पाणी सोडलं, परत बसलो. मऊ झालं. दार उघडलं. दुपारपर्यंत गर्दी एवढी की पाटांवर जागा नव्हती. सगळे म्हणाले, “शेठ, पाय बरा झाला का?” मी म्हटलं, “पाय एकदम बरा.”

हेजुन कालच आला होता. बॉयलरची सगळी झाकणं उघडून पाहिली आणि परत लावली. आज हौदातून निघाल्यावर मी त्याला पाठ दिली. तो घासायला लागला. तो सोलमधला मळ काढायला आलाय की माझा, कळत नव्हतं, इतका जोर.

“बाबा, बॉयलरला काही झालेलं नाही.”

“ठाऊक आहे.”

“मला तो चालवायला शिकवा. उन्हाळ्यापर्यंत येतो इकडे. मालक तुम्हीच. मी फक्त बॉयलर.”

पाठ देऊन बसलेल्या माणसाचा चेहरा कोणी बघत नाही, हे हमामखान्याचं मोठं सुख. मग मी त्याची पाठ घासली, लहानपणी घासायचो तशी, तो “लागतंय” म्हणेपर्यंत.

मग माझी वेळ झाली. रुमाल कमरेला गुंडाळला, पाकीट टोपलीत टॉवेलखाली ठेवलं आणि संडासाकडे गेलो. एकच संडास, तोही बंद. खाली फटीतून थेसिकदादाची निळी टोपली दिसली. सवयीनं मी थाप मारायला हात उचलला, तिळाच्या वडीवरून काहीतरी टोमणा तोंडात तयार होता.

तेवढ्यात आतून आवाज आला. लांब, चर्रर्र. दोन दिवसांत नऊ वेळा मी तोच आवाज माझ्या हातांनी काढला होता.

मी हात खाली घेतला. थोडी शांतता, एक सोडलेला श्वास, आणि मग धार. एकसारखी, कुठे न तुटणारी.

दार उघडलं. दादानं माझ्या टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बारा ना?”

“बारा.”

“जा. फरशी पुसलीय मी.”

थेसिकदादाची विशीतली धार नळीची आहे, आणि ती मी आठ वर्षं ऐकतोय.